चौथा नकाशा

१

हेस्टर मॅकिनॉननं फाइलचं सदतिसावं पान उलटलं, तर पुढं एकदम एकोणचाळिसावं आलं.

पानं एकमेकांना चिकटली असतील म्हणून तिनं नखानं कोपरे सोडवून पाहिले. तसं काही नव्हतं. अनुक्रमणिकेत स्वच्छ टाइप केलं होतं : पान ३८, नकाशा क्रमांक चार, न खणायची जमीन. नेमकं तेच पान जागेवर नव्हतं.

"ब्रॉनविन," तिनं हाक मारली, "ही फाइल अलीकडे कुणाकुणाच्या हातात गेली होती?"

ब्रॉनविन टिल्ली ही फर्नली नगरपालिकेची दप्तरदार. वीस वर्षं या तळघरात काढलेली, बारीक चणीची बाई. ती चष्मा सावरत आली, फाइलकडे पाहिलं आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"शुक्रवारी सुनावणी आहे," ती एवढंच म्हणाली.

आज मंगळवार होता. फर्नलीच्या नदीकाठासाठी १९८४ साली नियोजनाची एक पुस्तिका निघाली होती. कुठं बांधायचं, किती उंच बांधायचं, कुठं कुदळ लावायची नाही, हे सगळं तिच्यात होतं. आता ती जुनी झाली होती. पुराची पातळी बदलली होती, कायदे बदलले होते, आणि या काठावर गोऱ्यांच्या आधी हजारो वर्षं राहिलेल्या माणसांबद्दल तिच्यात एक ओळ नव्हती. ती नव्यानं लिहायला नगरपालिकेनं होबार्टच्या कॉलेजात नियोजन शिकवणाऱ्या हेस्टरला बोलावलं होतं, आणि शुक्रवारची सुनावणी त्यावरच होती. हेस्टरला वाटलं होतं, सोपं काम आहे. ही पुस्तिका ती अकरा वर्षं विद्यार्थ्यांना उत्तम नमुना म्हणून शिकवत आली होती.

पुस्तिकेतली सगळ्यात नाजूक जागा म्हणजे चौथा नकाशा. पावणेदोनशे वर्षांपूर्वी विलायतेतून शिक्षा देऊन जहाजानं आणलेल्या बायकांना या काठावर धुणी धुवायला ठेवलं जायचं. त्यांची तान्ही मुलं शेजारच्या पाळणाघरात. त्यातली त्रेचाळीस मुलं तिथंच दगावली आणि खुणेशिवाय पुरली गेली. ती जागा शोधून सर्वेक्षक ऑर्व्हिल बिलिंग्ज यांनी मूळ नकाशा स्वतःच्या हातानं रंगवला होता. छापील पुस्तिकेत तो काळ्या तिरप्या रेघांनी आला. तळाशी सूचना होती : वाद झाल्यास कार्यालयातला मूळ नकाशाच ग्राह्य.

आणि आता मूळच नव्हता.

"तळघरात फोन नेता येत नाही, पिशवी नेता येत नाही," ब्रॉनविन म्हणाली. "पण माणसाचा कोट मी तपासत नाही गं. हा काही तुरुंग नाही."

नोंदवहीत महिन्याभरात तीनच नावं होती. दोन तारखेला बांधकाम कंपनीचा लॅकलन शील्ड. नऊ तारखेला नगरपालिकेचाच डेस ओटवे. अकराला इतिहास मंडळाची कोरल पॅस्को.

हेस्टरनं सदतिसाव्या पानाची पाठ उजेडात धरली. हरवलेला नकाशा चाळीस वर्षं याच पाठीला टेकून होता. दमट तळघरात दाबून राहिल्यामुळं त्याचा रंग इकडं लागला होता. एक फिकट गुलाबी डाग, पानाच्या डाव्या बाजूला. तिनं शेजारी छापील पुस्तिका ठेवली. तळाशी नदी, मधोमध नावा ओढायचा दगडी उतार, डावीकडं जुन्या गिरणीचं कुरण, उजवीकडं दुसरं कुरण. तिरप्या रेघा डावीकडंच होत्या. डागही डावीकडं. तिनं सुस्कारा सोडला. निदान पुस्तिका तरी बरोबर होती.

"आणखी एक सांगू?" ब्रॉनविननं फाइलची पानं धरून ठेवणाऱ्या पितळी पट्ट्यांवरून बोट फिरवलं. "या कुणीतरी उघडल्यात आणि पुन्हा दाबून बसवल्यात. बघ, एकही वाकडी नाही. येरागबाळ्याचं काम नाही हे. कागदांतच वाढलेला कुणीतरी आहे."

२

लॅकलन शील्ड गिरणीच्या कुरणाच्या कुंपणाशीच भेटला. बत्तीस वर्षांचा, उंच, बुटांना चिखल लागू नये म्हणून फळीवर उभा. हे कुरण त्याच्या मालकांनी सहा वर्षांपूर्वी घेतलं होतं आणि तेव्हापासून तिथं एक खुंटीसुद्धा ठोकता आली नव्हती.

"आलात? मला वाटलंच," तो म्हणाला. "सकाळपासून गावात तिघांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी पाळण्यातलं पोर पळवलंय."

"बातमी एवढ्यात पसरली?"

"बेकरीत नऊ वाजता कळली. म्हणजे सगळ्यांना कळली."

"मूळ नकाशा नाहीसा झाला की तुमचे वकील म्हणू शकतात, बंदीचा आधारच गेला. म्हणतील ना?"

"म्हणतीलच. त्यासाठीच त्यांना ठेवलंय." तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "मी चोरला नाही. मी पाहिलासुद्धा नाही. मी गेलो होतो १९८४ सालची हरकतीची पत्रं वाचायला. ती फाइलच्या सुरुवातीला आहेत. नकाशे कशाला बघू? पुस्तिका आहे ना माझ्याकडं. पाठ झालीये."

कुरणात गवतावर छोटे रंगवलेले दगड ओळीनं मांडलेले होते. प्रत्येकावर एक नाव. दरवर्षी त्या मुलांच्या घराण्यातले लोक लांबून येत आणि दगड नव्यानं रंगवून जात.

"एक विचारू?" हेस्टर म्हणाली. "इथं खरंच बांधावंसं वाटतं तुम्हाला?"

लॅकलननं तोंड फिरवलं. "आमच्या आईनं मला ताकीद दिलीये, ते काम घेतलंस तर ख्रिसमसला घरी येऊ नकोस." मग तो म्हणाला, "एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. मालकांनी दोन वर्षांपूर्वी इथं जमिनीखालची तपासणी केली होती, यंत्रानं. कुदळ न लावता. अहवाल त्यांनी दाबून ठेवला, कारण कुणी विश्वास ठेवणार नाही म्हणून."

"काय होतं त्यात?"

"काहीच नव्हतं. म्हणजे जमिनीखाली. काही म्हणजे काहीच नाही."

३

नगर नियोजक डेस ओटवे याच्या टेबलावर थंड चहाचे तीन कप होते. तो हेस्टरचा जुना सहाध्यायी. पोट सुटलेला, कायम थकलेला, आणि आज तर खचलेला दिसत होता.

"माझीच चूक," तो म्हणाला. "नऊ तारखेला मी फाइल वर मागवली आणि तेवढ्यात पुराच्या पाइपाचा घोळ झाला. दुपारभर फाइल टेबलावर पडून होती. मी उघडलीही नाही. या खोलीत कुणीही येतं, हेस्टर. दारसुद्धा नीट लागत नाही."

"वृद्धाश्रमाच्या नव्या खोल्यांना परवानगी तूच दिलीस ना?"

डेसनं मान वर केली. उताराच्या उजव्या बाजूच्या कुरणात पुस्तिका निघाली त्याच्या दुसऱ्याच वर्षी वृद्धाश्रम उभा राहिला होता. आता मागच्या अंगाला आणखी बारा खोल्या व्हायच्या होत्या. डिसेंबरात पायाचं काम सुरू होणार होतं.

"मी दिली. पुस्तिकेत ती जागा मोकळी आहे. म्हातारी माणसं वाट बघतायत. त्याचा इथं काय संबंध?"

"माहीत नाही अजून."

"तुझं हे 'माहीत नाही अजून' कॉलेजपासून ऐकतोय मी. त्यानंतर नेहमी कुणाचं तरी वाटोळं होतं."

"डेस, मूळ नकाशा बघायलाच हवा असं मला पत्रात कुणी लिहिलं होतं?"

"मी."

"त्याआधी मूळ नकाशा आहे हे किती जणांच्या लक्षात होतं?"

"कुणाच्याच नाही. बिलिंग्ज जाऊन पंचवीस वर्षं झाली. पुस्तिकेची तळटीप कोण वाचतं? महिन्यापूर्वी याच खोलीत नदीकाठ समितीच्या बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा सगळ्यांनी भुवया उंचावल्या. लॅकलन होता, ब्रॉनविन टिपणं घेत होती, कोरल होती. कोरलला तर चक्कर आली. पाणी द्यावं लागलं. खिडक्या बंद होत्या, म्हणाली."

हेस्टरनं वहीत काहीच लिहिलं नाही. पण बाहेर पडताना तिच्या लक्षात आलं की खिडकीची एक काच फुटलेली आहे आणि खोलीत नदीवरचा गार वारा सरळ आत येतोय. काचेवर चिकटवलेली दुरुस्तीची चिठ्ठी मार्च महिन्यातली होती.

४

बुधवारी दुपारी कोरल पॅस्को कुरणात होती. दर बुधवारी ती वृद्धाश्रमातून आयरिस हॅलोरनला चाकाच्या खुर्चीतून इथं आणायची. आयरिस एक्क्याण्णव वर्षांची. त्या त्रेचाळीस मुलांपैकी टोमस नावाचं मूल तिच्या पणजीचं पहिलं मूल होतं.

"तू ती कागदवाली ना?" आयरिसनं हेस्टरला नखशिखांत न्याहाळलं. "बारीक आहेस. कागद खाऊन पोट भरत नाही वाटतं."

"आयरिस!" कोरल म्हणाली आणि हेस्टरपुढं कागदाची पिशवी धरली. "घ्या, शिंपल्यांचं पॅटिस आहे. गरम आहे अजून. आमच्या भावाच्या बेकरीतलं."

पिशवीवर निळ्या अक्षरांत छापलं होतं : डनिंग बेकरी, चार पिढ्यांची.

कोरल त्रेसष्ट वर्षांची होती, सरळ पाठीची, पांढरे केस कापलेली. या गावचं इतिहास मंडळ म्हणजे कोरल. हे कुरण वाचलं ते तिच्यामुळं. बुलडोझरपुढं एकदा ती खुर्ची टाकून बसली होती, हे हेस्टरनं होबार्टमध्येसुद्धा ऐकलं होतं.

"मी अकराला फाइल पाहिली," ती म्हणाली. "जन्मात पहिल्यांदा. पत्रंच चाळली फक्त. नकाशांपर्यंत गेलेच नाही. छापील पुस्तिका असताना मूळ कशाला हवं कुणाला? चाळीस वर्षं तिच्यावर चाललंय सगळं. आणखी चाळीस चालेल."

"वकील तसं म्हणणार नाहीत."

"वकिलांचं सोडा. ऑर्व्हिल बिलिंग्ज देवमाणूस होते. उन्हातान्हात महिनाभर जुनी पत्रं घेऊन हा काठ पावलांनी मोजला त्यांनी. तेवढा तुकडा लाल रंगवला, का? तर कुणाची कुदळ चुकूनही तिथं जाऊ नये म्हणून. एवढं केलं त्यांनी."

आयरिस दगडांकडं बघत होती. "टोमसचा रंग उडालाय," ती म्हणाली. "कोरल, पुढच्या वेळी निळा आण. त्याला निळा शोभतो."

"आणते हं," कोरल म्हणाली आणि वाकून तिचं पांघरूण नीट केलं. हेस्टरला दिसलं, पांघरुणाच्या कडा तिनं अगदी रेघेत जुळवल्या.

झिमझिम सुरू झाली. हेस्टरनं घाईघाईत वहीत कुरणाचा आराखडा काढला. खाली नदी, मध्ये उतार. स्वतः उभी होती तिथं, कुरणाच्या बाजूला, शाईनं जाड बाण काढला. थेंब पडायला लागले तशी वही मिटून काखेत मारली आणि ती गाडीकडं धावली.

गाडीत बसून तिनं वही उघडली. आणि तशीच बसून राहिली.

५

ओल्या शाईचा बाण समोरच्या कोऱ्या पानावर उमटला होता. मूळ बाण उताराच्या डावीकडं होता. उमटलेला उजवीकडं.

चार वेळा तिनं वही मिटली आणि उघडली. लहान पोरालाही कळेल अशी गोष्ट होती. समोरासमोरच्या पानांवर रंग लागतो तो उलटा लागतो, आरशातल्यासारखा. सदतिसाव्या पानाच्या पाठीवरचा गुलाबी डाग डावीकडं होता. म्हणजे चौथ्या नकाशावर लाल तुकडा उजवीकडं होता. गिरणीच्या कुरणात नव्हता. उताराच्या पलीकडं होता.

जिथं वृद्धाश्रम आहे तिथं.

हेस्टरला गाडीची काच खाली करावी लागली. अकरा वर्षं. दर वर्षी चाळीस विद्यार्थी. हा नकाशा तिनं भिंतीवर मोठा करून दाखवला होता आणि सांगितलं होतं, बघा, जमिनीचा मान असा राखतात.

मग तिनं स्वतःला सावरलं आणि एकेकाला समोर बसवावं तसं नाव घेऊन विचार केला.

लॅकलन. त्यानं चौथा नकाशा पाहिला असता तर चोरला नसता, चौकात लावला असता. त्याचं कुरण एका दिवसात मोकळं झालं असतं. ज्याच्यावर सगळं गाव बोट दाखवत होतं, त्याच एका माणसाला तो नकाशा सापडायला हवा होता. तो नव्हे.

डेस. त्यानं वृद्धाश्रमाला परवानगी दिली होती, लपवायला कारण होतं. पण मूळ नकाशाची आठवण त्यानंच सगळ्यांना करून दिली होती. ज्याला झाकायचंय तो आपणहून झाकण उघडायला सांगत नाही.

ब्रॉनविन. तिला न्यायचाच असता तर वीस वर्षं नेता आला असता. आणि पितळी पट्ट्यांकडं बोट तिनंच दाखवलं होतं.

उरली कोरल. जिनं जन्मभर हे कुरण जपलं. मूळ नकाशा हरवल्याची सगळ्यात मोठी झळ जिला बसायची, ती म्हणत होती, मूळ कशाला हवं.

आणि ती म्हणाली होती, लाल.

पुस्तिकेतला नकाशा काळा-पांढरा होता. कोरलनं फाइल पहिल्यांदाच पाहिली होती आणि नकाशांपर्यंत गेलीच नव्हती. मग तुकडा लाल रंगवला होता हे तिला कुठून कळलं? बिलिंग्ज महिनाभर पावलं मोजत होते हे तिला कुणी सांगितलं?

हेस्टरनं पुस्तिका काढली आणि शेवटच्या पानावरची बारीक अक्षरं डोळ्यांजवळ नेली. तिथं तिनं कधी पाहिलं नव्हतं. सर्वेक्षण : ऑ. बिलिंग्ज. छपाईसाठी रेखाटन : को. डनिंग.

पॅटिसची रिकामी पिशवी शेजारच्या सीटवर पडली होती. निळी अक्षरं वर होती.

६

गुरुवारी सकाळी कोरलनं दार उघडलं आणि हेस्टरच्या हातातली पुस्तिका पाहिली. काही न विचारता ती बाजूला झाली.

"बसा," ती म्हणाली. "चहा ठेवते."

"चहा नको, कोरल."

"मला हवाय."

किटली उकळली. मग कोरल टेबलाशी बसली आणि हात मांडीवर ठेवून, शाळेत उभं केल्यासारखी, बोलायला लागली.

"बावीस वर्षांची होते मी. रेखाटनाच्या खोलीत सगळ्यात धाकटी. लग्नाच्या आधी. छापायला नकाशा द्यायचा तर तो दोन थरांत करायचा. खालचा नकाशा एका कागदावर, वरचे तिरपे पट्टे वेगळ्या पारदर्शक फिल्मवर. त्या फिल्मवर अक्षर नाही, आकडा नाही. नुसता पट्टा. शुक्रवारची संध्याकाळ होती, नाचाला जायचं होतं. मी ती फिल्म पालथी ठेवली. एवढंच. एक फिल्म पालथी."

"कधी कळलं?"

"पुढच्या वर्षी. आश्रमाचा पाया खणत होते. जेवणाच्या सुट्टीत मी सहज त्या बाजूला गेले आणि मनात आलं, ऑर्व्हिल तर मोजताना इथं उभे असायचे. धावत ऑफिसात गेले. मूळ काढून बघितला. मग त्यांच्याकडं गेले." कोरलनं कप उचलला आणि न पिता खाली ठेवला. "ते पांढरे पडले. तोवर काँक्रीट ओतून झालं होतं. मुकादमानं कसलीशी बारीक हाडं सापडल्याचं सांगितलं होतं, मेंढ्यांची असतील म्हणून टाकून दिली. ऑर्व्हिल म्हणाले, कोरल, पोरी, आता बोललो तर काय परत येणार आहे? त्यानंतर ते नीट कधी जेवले नाहीत. मी नोकरी सोडली."

"आणि हे कुरण?"

"लोक यायला लागले होते. पुस्तिका वाचून. मेलबर्नहून, कुणी आयर्लंडहूनसुद्धा. गवतावर गुडघे टेकून रडायचे. त्यांना काय सांगू? इथं नाहीत ती, तिकडं स्वयंपाकघराखाली आहेत?" तिनं पहिल्यांदा हेस्टरकडं सरळ पाहिलं. "मग मी ठरवलं, निदान त्यांना रडायला जागा तरी राहू दे. त्या जागेला मी कुणाला हात लावू दिला नाही. चाळीस वर्षं. तुम्हाला ते खोटं वाटेल. माझ्यापाशी द्यायला दुसरं काही नव्हतं."

हेस्टर चोर पकडायला आली होती आणि समोर एक माणूस बसलं होतं ज्यानं स्वतःला केव्हाच शिक्षा ठोठावून ती रोज भोगली होती.

कोरल उठली. इस्त्रीच्या टेबलावरची चादरींची जाड घडी तिनं उचलली आणि खालून टीपकागदांमध्ये जपलेलं एक पान काढलं. चौथा नकाशा. उजवीकडचा लाल रंग अजून ताजा होता.

"जाळायला काड्यापेटीसुद्धा काढली होती," ती म्हणाली. "हात धजावला नाही. ऑर्व्हिलचं अक्षर आहे त्याच्यावर." मग घाईनं, जवळ सरकत : "हेस्टर, पुस्तिका आहे तशी ठेवा ना. कुरण राहील. लोकांचं मन राहील. आयरिस किती दिवसांची सोबतीण? तिला टोमसजवळ बसू दे."

क्षणभर हेस्टरनं खरंच विचार केला. कागद पुन्हा घडीखाली सारायचा, एवढंच होतं. कुणाला कळलं नसतं. तिचं अकरा वर्षांचं शिकवणंही झाकलं गेलं असतं.

"डिसेंबरात नव्या खोल्यांचा पाया खणणार आहेत," ती म्हणाली. "लाल रंग तिथपर्यंत जातो, कोरल. बघा. काही मुलं अजून काँक्रीटखाली गेलेली नाहीत."

कोरलनं पाहिलं नाही. "मला माहितीये," ती म्हणाली. "महिनाभर झोप नाही मला. दोन्ही बाजूंनी तीच पोरं ओढतायत."

"उद्या हा कागद सभागृहात कुणीतरी मांडायचाय. तुम्ही मांडता की मी?"

हेस्टर नकाशा न घेताच उठली. तिच्या सबंध नोकरीत इतका मोठा धोका तिनं कधी पत्करला नव्हता. फाटकापर्यंत जाताना पाठीमागं काडी ओढल्याचा आवाज येतो का, हे ती ऐकत होती.

७

शुक्रवारी दहाला सभागृह भरलं. पहिल्या रांगेत मुलांच्या घराण्यांतले लोक होते, एका बाजूला लॅकलन, दुसऱ्या बाजूला आयरिसची खुर्ची. कोरलची जागा रिकामी होती. साडेदहापर्यंत ती रिकामीच राहिली. डेसनं हेस्टरकडं पाहिलं. हेस्टरनं घड्याळाकडं.

अकराला दहा कमी असताना कोरल आली. अंगात कोट, हातात गुंडाळी. ती कुणाकडं न बघता सरळ पुढं गेली, चौथा नकाशा टेबलावर पसरला आणि चार कोपऱ्यांवर पाण्याचे चार पेले ठेवले.

"माझं नाव कोरल पॅस्को," ती म्हणाली. "आधीचं कोरल डनिंग. हा नकाशा मी चोरला. आणि चाळीस वर्षांपूर्वी मीच तो उलटा छापला."

तिनं सगळं सांगितलं. स्वतःसाठी एकही सबब दिली नाही. नाचाचंही सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती.

पहिल्या रांगेतला एक माणूस उठला आणि बायकोचा हात धरून बाहेर निघून गेला. खिडकीतून दिसलं, तो कुरणात गेला, एक दगड उचलला आणि तो कुठं ठेवावा हे न कळून तसाच उभा राहिला.

लॅकलन हेस्टरच्या शेजारी येऊन उभा राहिला. "आमचं कुरण सुटलं," तो हळूच म्हणाला. "मला आनंद व्हायला हवा ना?"

"पुराच्या रेषेखाली येतं ते," हेस्टर म्हणाली. "नव्या पुस्तिकेत तिथं बांधकाम बसणार नाही. पण कारण खरं लिहीन मी यावेळी."

नव्या खोल्यांचं काम त्याच बैठकीत थांबवलं गेलं. चोरीचा मुद्दा कुणीतरी काढला, तेव्हा ब्रॉनविन उभी राहून म्हणाली की पान परत आलं आहे, तिनं नोंद केली आहे, आणि पुढचं पोलिसांना ठरवू द्या. पोलिसांनी पुढं काय ते ठरवलं. इतिहास मंडळाचा राजीनामा मात्र कोरलनं तिथंच लिहून दिला आणि तो कुणी नाकारला नाही.

मग ती आयरिसपाशी गेली. गुडघ्यांवर बसली. आयरिसनं तिच्याकडं पाहिलं आणि स्वतःचा हात पांघरुणात ओढून घेतला.

"अठरा वर्षं," आयरिस म्हणाली. "दर बुधवारी तू मला त्या गवतापाशी नेलंस."

"हो."

"आणि मी त्या गवताशी बोलायचे. तू ऐकायचीस."

कोरल उठली आणि माणसांनी करून दिलेल्या वाटेनं एकटीच बाहेर गेली.

"कागदवाली," आयरिसनं हाक मारली. "तू ने मला. खोलीत."

हेस्टरनं खुर्ची ढकलत नेली. दगडी उतार ओलांडून, वृद्धाश्रमाच्या दारातून, लांब बोळातून. सहा नंबरच्या खोलीत पलंग होता, खिडकीत जिरेनियमची कुंडी होती, जमिनीवर राखाडी गालिचा.

"त्या लाल रंगात ही खोली येते?"

हेस्टरला वाटलं, खोटं बोलावं. "येते," ती म्हणाली. "बरोबर मध्ये."

आयरिसनं गालिच्याकडं पाहिलं. कुठंतरी बोळात चहाची गाडी खडखडत गेली, तसे तिनं डोळे मिटून घेतले. मग पाय थोडे पुढं केले.

"माझे बूट काढ गं," ती म्हणाली. "हळू काढ. आता इथं बुटानं चालायचं नाही."